साडेतीनशे विड्या

कोर्टाच्या मागच्या गल्लीत आमचं ऑफिस.
माझ्या नोकरीत पाटी तीनदा बदलली,
आधी सेवायोजन, मग स्वयंरोजगार, आता कौशल्य, उद्योजकता वगैरे.
पाटी लांबत गेली, व्हरांडा तेवढाच.
लोक अजून म्हणतात, कार्ड काढायचं ऑफिस.

माझंही कार्ड आहे तळच्या कपाटात.
ब्याण्णव साल, बी.कॉम., टायपिंग मराठी तीस.
कॉल आला नाही. वडील गेले, अनुकंपावर लागलो,
आणि त्याच कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.
कार्ड मी रद्द केलेलं नाही. कारण विचारू नका.

प्रवल्लिका चिलवेरी आली जर्मनच्या वर्गाला,
आमच्याच हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला, ड्यूटीवरून थेट.
घरी तेलुगू, शाळेत मराठी, वॉर्डात कन्नड आणि उर्दू.
"पाचवी म्हणजे काय, सर,
ताटात एक चटणी वाढली."

पासपोर्टला मात्र ल अडला.
दाखल्यावर एक ल, आधारवर दोन,
रेशनकार्डावर नुसतंच: प्रवली, मुलगी.
प्रतिज्ञापत्र, गॅझेट, पुन्हा शाळा, पुन्हा गॅझेट.
एका ल साठी सात महिने.

ती गेली.
रजिस्टरात माझ्या अक्षरात: नियुक्ती प्राप्त, परदेश.
शेऱ्याचा रकाना तिथं संपतो.

पण दर सोमवारी ब्रँचला माल देऊन
तिची आई येते, राजमणीबाई,
बोटांना तंबाखूचा वास.
बाकावर टेकते. "तिकडं किती वाजले?"
साडेतीन तास मागं, मी सांगतो.
"म्हणजे साडेतीनशे विड्या."

तासाला शंभर, असा तिचा हात.
सहाला सूप मांडीवर घेते,
साडेतीनशे वळून झाल्या
की तिकडं सहा, पोरगी उठली असणार.
मग फोन वाजतो.

दिवाळीनंतर तावातावानं आली.
"साडेतीनशे झाल्या, फोन नाही. चारशे, नाही.
साडेचारशेला आला! काय लपवताय तुम्ही लोक?"
म्हटलं, थंडीत तिकडं घड्याळ एक तास मागं घेतात.
"कोण घेतं?"
सरकार.
बराच वेळ गप्प बसली.
"म्हणजे सरकारला येतंय की हे.
कुठला फॉर्म?"

मी हसलो. ती नाही हसली.
मग कोरा कागद घेतला,
मा. सहायक आयुक्त यांस,
विषय:
इथं पेन थांबलं. शेजारच्या टेबलावर कुणी चहा फुर्रकन ओढला.
विषय: एक तास परत मिळणेबाबत.
तिनं अंगठा नाही, सही केली, तेलुगूत.
आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला.
पोच तिनं घडी करून विडीकार्डात ठेवली.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी
टेबलावर शेंगाचटणीचा डबा.
"झालं आपलं काम. काल साडेतीनशेलाच आला.
साहेबांना सांगा."

तीस वर्षांत या ऑफिसात
कुणाचं काम इतकं सरळ झालं नव्हतं.
फाईल काढली, लिहिलं: निकाली.
डबा घेतला.
पुढच्या दिवाळीचं मी काही बोललो नाही.