वाढ नाही

माझ्या खिडकीवर पाटी आहे : हद्दवाढ भाग.
चौदा वर्षं तिच्याखाली बसते.
लोक पावती फडकावत येतात,
कर आला मॅडम, नळ नाही आला,
मग शहर आलंय कुठवर नेमकं?
मी शिक्का मारते.
परवा एक म्हातारा म्हणाला, मी हललोही नाही
आणि सोलापूर माझ्या अंगावरून पुढं गेलं.

अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप,
सुपात पान, तंबाखू, लाल दोरा,
आणि कडेला उलटं ठेवलेलं माझं पाढ्यांचं पुस्तक.
मराठी ती कारखान्याच्या दारात शिकली.
पहिला शब्द मोर्चातला.
ढ जिभेवर बसायचा नाही, ड व्हायचा :
मजुरीत वाड झालीच पाहिजे!
मुनीम चष्मा पुसत बाहेर यायचा.
वाढ नाही.
छाट तेवढी वाढायची. शंभरातल्या वीस विड्या
तो बोटानं बाजूला सारायचा, न बघता.

शेजारी शिवलीलाकाकू. घरात कन्नड, आमच्याशी मराठी.
मी नऊ वर्षांची, हौदावर हात आपटला,
हिरवी बांगडी गेली.
फुटली म्हणू नये गं, वाढली म्हणावं.
मी तुकडे गोळा करून मोजले.
खरंच. एकाच्या सात झाल्या होत्या.

अप्पा टॉवेलच्या मागावर.
शेठनं नवी शेड घातली तेव्हा नारळ वाढवायला
अप्पांना पुढं केलं. एका दणक्यात दोन भकलं.
खोबरं घरी आलं, पगार तेवढाच राहिला.
मला गणवेश घेतला वाढत्या अंगाचा,
दोन मापं मोठा,
खालची दुमड सोडायला ठेवलेली.
सातवीपर्यंत तोच. दुमड काही सुटली नाही.

अप्पा गेले त्या दुपारी काकूंनीच
अम्माचे हात धरले, उंबऱ्यावर,
आणि दोन्ही मनगटांतल्या वाढवल्या.
तेव्हा मी मोजलं नाही.

गेल्या आषाढात अम्माच्या काखेत गाठ लागली.
सिव्हिलच्या बाकावर आम्ही तीन मंगळवार काढले.
सुईनं काहीतरी ओढून घेतलं, बाटलीत घातलं,
डॉक्टर पोरगेलासा, म्हणाला सहा महिने थांबू.
सहा महिने मी रोज रात्री
तिला शंका न येईल अशी मिठी मारत होते.
ती म्हणायची, हे काय नवीन.

आणि काल.
त्यानं जुना फोटो काचेवर लावला, शेजारी नवा,
खूप वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, वाढ नाही.

अम्मा सवयीनं उभी राहिली.
पदर खोचला.
का नाही? म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला.
मला हसू आवरेना, मग ते हसूही राहिलं नाही.
नर्सनं पाणी आणलं.

रिक्षात तिला समजावून सांगितलं, तेलुगूत,
अशोक चौकापासून घरापर्यंत.
ती ऐकत होती की रस्त्यातल्या चादरीच्या दुकानांवरच्या पाट्या बघत होती,
कळलं नाही.
मग म्हणाली, हे मराठीवाले गमतीचे.
ताटात भात घालायचा तर वाड,
पोरगी उंच झाली तर वाड,
काच फुटली तर वाड,
एवढं एकाच शब्दानं कसं भागवतात?
आणि आपलं? मी विचारलं.
आपल्यात पेरुगु म्हणजे वाढणं,
पेरुगु म्हणजे दही.
त्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं.

घरात पाण्याचा दिवस नव्हता.
माठ तळाला गेलेला, पंखा गरम वारा फिरवत होता.
सकाळचा भात, शेंगांची चटणी,
झाकणाखाली रात्री विरजलेलं.
ती भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले,
रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं
आणि एक शब्द तिचा, एक इथला,
पेरुगु वाड, म्हणाली.