एकोणीस वर्षांचे वडील

दळणाचा डबा त्यांनीच वर आणून दिला,
बोपोडीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद होती म्हणून.
पांढरे शर्ट, टाय, खिशावर काळी पाटी,
आणि दोघांच्याही नावाआधी 'एल्डर'.
आमच्या मंडळीत एल्डर म्हणजे वडील.
वडील रणपिसे, वय अठ्ठ्याहत्तर,
अर्पणाची थैली फिरवताना हात थरथरतो.
हे वडील एकोणीस वर्षांचे.
एकाच्या हनुवटीला ब्लेड लागलेलं.

चहा टाकते म्हटलं. चहा चालत नाही.
कॉफी? तीही नाही.
पुण्यात राहून चहा नाही,
म्हणजे तुमचं काम माझ्याहून अवघड आहे, बाळांनो.
कोकम ढवळलं.

एक आयडाहोचा, बार्लो. दुसरा राजमुंद्रीचा, येसुपादम,
नावातच येशूचे पाय.
त्यांचं हिंदी, माझं इंग्रजी, मधे कोकमाचा जग.

बार्लो म्हणाला, पित्याला देह आहे, हाडामांसाचा.
पुत्र वेगळा, आत्मा वेगळा,
तिघं जण, मन मात्र एक.
मी म्हटलं, छे, तिघं कुठले? एकच.
रविवारच्या शाळेत मी मुलींना वेणी दाखवायचे,
पेड तीन, वेणी एक.
येसुपादमला बहिणी असाव्यात.
तो हळूच म्हणाला, आंटी, रात्री वेणी सोडतात ना?
मला उत्तर सुचलं नाही.
तशीही माझ्या केसांची आता वेणी होत नाही.

मग, उठल्यानंतर येशू अमेरिकेलाही गेला म्हणे.
मी हसले नाही.
थोमा आपल्याकडे आला,
तेव्हा तरी मी कुठे बंदरावर उभी होते?

माझा येशू कोणता, ते मीही सांगितलं.
जुन्या मराठीत बोलतो, अनुस्वारासकट.
मिशनच्या दवाखान्यात रात्रपाळीला
पहाटे तीनला सलाईन बदलताना
दाराशी उभा असायचा.
तो एक आहे की तिघांतला एक,
हे विचारायला मला फुरसत नव्हती.
बार्लोने हे वहीत लिहून घेतलं. का, कोण जाणे.

येसुपादम भिंतीकडे बघत होता.
अंकलपण ख्रिश्चन?
नाही रे. बौद्ध.
नाव काशिनाथ, कारण बारसं आधी झालं, दीक्षा नंतर.
दर रविवारी मला चर्चला सोडायचे,
बाहेर स्कूटरवर बसून पेपर वाचायचे.
शेवटचं गीत सुरू झालं की किक मारायचे.
पाळकसाहेब लांबले, तर हॉर्न.

दोघं हसले. मग बार्लोचा आवाज उतरला.
आमच्यात, म्हणाला, गेलेल्यांसाठीही बाप्तिस्मा घेता येतो.
त्यांच्या नावाने कुणीतरी पाण्यात उतरतं.
हो म्हणायचं की नाही, ते तिकडे त्यांनी ठरवायचं.
मग कुटुंब कायमचं एकत्र.

पंखा फिरत होता.
चाळीस वर्षांत हा प्रश्न
मी एकाही पाळकाला विचारला नव्हता,
उत्तर माहीत होतं म्हणून.
आणि ही दोन पोरं, चहासुद्धा न पिणारी,
काशिनाथसाठी जागा धरून बसली होती.

घसा दाटला. खोटं कशाला बोलू?

पण त्या माणसाने बावीस प्रतिज्ञा
एकदाच घेतल्या, भर उन्हात उभं राहून.
माझ्यासाठीसुद्धा त्यातली एक इकडची तिकडे केली नाही,
आणि मीही त्यांच्यासाठी
एकही आमेन गिळलं नाही.
त्यांच्या वतीने आता कुणी अनोळखी पोरगा ओला व्हायचा?
म्हटलं, नाव देणार नाही. जन्मतारीखही नाही.
बरं, म्हणाले. आग्रह केला नाही.

जाताना प्रार्थना झाली.
त्यांनी हाताची घडी घातली, मी हात जोडले.
शब्द निरनिराळे होते,
शेवटी नाव तेच आलं.

पुढच्या रविवारी शेवटच्या गीताला
बाहेर कुणीतरी किक मारली.
मी पर्स उचलली, चष्मा आत टाकला.
हल्लीच्या गाड्यांना किक नसते,
हे घरी येऊन चहा टाकल्यावर लक्षात आलं.