काठी, एक नग

निवडणूक लागली की आमच्या तहसील ठाण्यात
अर्ध्या शहराची भीती सतरंजीत गुंडाळून येते.
बारा बोअर, बारा बोअर, पुन्हा बारा बोअर,
बिल्डरचं पिस्तूल, सराफाचं रिव्हॉल्वर,
बँकेच्या दारवानाची दुनळी,
जिच्या दस्त्याला त्याच्या बनियनचा वास.
मी लिहीत जाते. नंबर, काडतुसं, सही.
एप्रिल. कूलरमधलं पाणी संपलेलं.
घामाचा थेंब पडून रकान्यातल्या साताचा नऊ होतो,
तो मी पुन्हा सात करते.

मग ताहेरभाई घडियाली आले.
इतवारीत घड्याळं दुरुस्त करतात, वय ब्याऐंशी,
डाव्या डोळ्याखाली भिंगाची खाच, आता न जाणारी.
पिशवीतून एकेक काढून टेबलावर ठेवलं,
आजाऱ्याच्या उशाशी औषधं मांडावीत तसं.

एक किल्ली. वीतभर, तुरुंगाच्या दाराची.
"ही पण?"
"ही पण, बेटी. कैद्यानं झेप घेतली
तर दांड्यातूनच गोळी."
एक बदकाचा पंजा: चार नळ्या, चार दिशांना,
कुणीतरी एकट्यानं गर्दीला घाबरून घडवलेला.
एक चपटं, गोल, डबीएवढं,
मूठ आवळली की सुटणारं.
मी ते उचललं, मूठ उघडीच ठेवली,
आणि नंतर उगाच साडीला हात पुसावा तसा
वर्दीला पुसला.

शिपाई बोरकुटे हसला,
"काऊन बाप्पा, कोण्या वाघासाठी जमवल्या ह्या?"
ते म्हणाले, "एकही कधी उडवली नाही.
मला कमान बघायची असते.
घड्याळात ती थोडी थोडी सुटते, रात्रभर,
तुम्ही झोपलात तरी.
यात एकदम.
पोलाद तेच असतं."

'शस्त्राचा प्रकार' या रकान्यात
छापील पर्याय तीन.
मी लिहिलं: इतर. खाली: इतर. त्याखाली दोन ठिपके.

परवान्यावर नग चार. चौथा कुठे?
ते टेबलाला टेकून उभे राहिले
आणि हातातली काठी पुढे केली.

शिसवी काठी, झिजलेली चांदीची मूठ.
तळाचं रबरी बूच काढलं, तर नळीचं तोंड.
परवाना म्हणतो बंदूक. गुडघा म्हणतो काठी.
अकरा वर्षं ते हिच्यावर
दुकानातून मशिदीत, मशिदीतून घरी,
गांधीबागेच्या गर्दीतून, सगळ्यांच्या देखत,
एका रिकाम्या बंदुकीवर
स्वतःचा सगळा भार टाकून.

साहेब म्हणाले, जमा म्हणजे जमा.
मी पावती फाडली.
ताहेरभाई दोन पावलं गेले
आणि भिंत धरली,
जिथे फरार लोकांचे फोटो लावलेत तिथेच.
एका दरोडेखोराच्या गालावर हात ठेवून
ते बराच वेळ उभे.

कोपऱ्यातली लाठी दिली मी.
दंगलीच्या बंदोबस्ताची, तेल पाजलेली, पाच फुटी.
ती त्यांच्या कानापर्यंत पोचत होती.
भालदारासारखे पायऱ्या उतरले,
आणि रस्त्यावरची माणसं
सवयीनं बाजूला झाली.

निकाल लागला. जूनमध्ये ज्यानं त्यानं
आपापली भीती मोजून परत नेली.
ताहेरभाई सगळ्यांत शेवटी.
लाठी हातभर कापलेली,
टोकाला बूच, वर पितळी कडं, बारीक काम.
"माफ करा," म्हणाले, "सरकारी आहे, विसरलोच."
काठी घेतली, सही केली, गेले.

आता मालखान्यात साडेतीन फुटांची एक लाठी आहे.
बंदोबस्ताला ती कुणी उचलत नाही.
कोणत्या रजिस्टरातून ती गेली, कोणत्यात आली,
काहीच लिहिलेलं नाही.
रात्रपाळीला खुर्चीतून उठताना
मीच टेकते कधी कधी.
बुचामुळे आवाज होत नाही.