चमचा

सकाळी सहाला मी यंत्र लावते.
आधी गाजरं, मग बीट, मग सेलरीचा कंद,
खरबरीत, मातकट, कुणा म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखा.
माणशी दिवसाला तीन पेले, ना थेंब जास्त ना थेंब कमी.
चोथा शेजारच्या डुकरांना जातो.
आमच्या गावात सगळ्यांत निरोगी तीच,
असं मी म्हणते, तेव्हा डॉक्टरीणबाई हसत नाहीत.

सरोवरावर धुकं. पलीकडचं स्वित्झर्लंड
अजून कुणी मांडलेलं नाही.
पाहुणे लोकरी मोज्यांत खाली येतात,
घोट तोंडात घोळवतात, चावल्यासारखं करतात,
कारण भिंतीवर लिहिलंय : रस चावून प्या.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकतं.
चौथ्या दिवशी दाराच्या आवाजावरून भांडणं.
पाचव्या दिवशी त्यांना कसलंसं तेज चढतं.
बाई म्हणतात, शरीर आपलं घर झाडतंय.
असेल. मी वीस वर्षं लोकांची घरं झाडली,
तेज काही दिसलं नाही. कंबर मात्र गेली.

आणि संध्याकाळी शेकोटीपाशी
ही माणसं फक्त खाण्याबद्दल बोलतात.
कांद्याचा केक. लोण्यात परतलेल्या श्पेट्सले.
ब्रेमेनची एक बारीक बाई
डुकराच्या भाजलेल्या पायाचं असं वर्णन करते
की नवरा ऐकत असता तर लाजला असता.

गेबहार्ड तेवढा गप्प.
एकेचाळीस वर्षं अल्गॉयच्या डोंगरात पाव भाजलेला माणूस.
अर्जात त्यानं लिहिलं होतं : सांधे.

नवव्या दिवशी पेला घ्यायला आला,
आणि खिडकीपाशीच थबकला.
“शहाजिरं,” म्हणाला. “रायचा पाव. कालचा.
भट्टी शेवटी जरा जास्त तापलेली.”
मी कोठीत दार लावून दोन काप खाल्ले होते,
तोंड पुसलं होतं, हात धुतले होते.
चोरी सापडल्यासारखी मी लाल झाले.
“कुणी भाजला?”
“सुपरमार्केटचा आहे.”
ओळखीतलं कुणी गेल्याचं कळावं
तशी त्यानं मान हलवली.

मग तिथेच, चोथ्याच्या बादलीवर हात टेकून, सांगितलं :
क्रेस्सेन्झ शेवटचे तीन आठवडे
फक्त सफरचंदाचा रस घ्यायची. चमच्यानं.
चमचा ओठाला लावायचा, थांबायचं,
गळा हलला की दुसरा.
“आणि खाली भट्टी चालू. गिऱ्हाईक होतं ना.
पहाटे तीनपासून वास जिन्यानं वर.
तिच्या खोलीचं दार मी कधी लावलं नाही.
वाटायचं, तिला बरं वाटेल.
नंतर सहा वर्षं वाटत राहिलं,
मी तिला रोज पहाटे छळत होतो.”

पेल्यातलं बीट तळाशी बसत चाललं होतं.
मी विचारलं, कारण विचारायलाच हवं होतं, “मग?”

“भूक नाहीच आता,” तो म्हणाला.
“चौथ्या दिवशी असतो तर तुला मारलं असतं.
आज वास नुसता आला. बसला.
शेजारी येऊन बसतो एखादा, तसा.”
जरा वेळानं : “अर्थात, तिचं तिलाच ठाऊक.
मी रस पितोय तो बरा होऊन घरी जायला.”

बाराव्या दिवशी उपास सुटतो एका सफरचंदानं.
इतर चार घासांत संपवतात, डोळे मिटून.
ह्यानं चमचा मागितला.
अर्धं फळ तळहातावर धरून खरवडत राहिला,
पाऊण तास,
साल पातळ, कागदासारखी होईपर्यंत.
उरलेलं अर्धं बशीत तपकिरी पडत गेलं.
ते मी उचललं नाही, त्यानंही नाही.

गुडघ्यांचं विचाराल तर
तो जिना आडवाच उतरला, आला होता तसाच.
बॅग टॅक्सीवाल्यानं नेली.

दुसऱ्या सकाळी नवे आठ जण.
गाजरं, बीट, कंद.
साडेनऊला मी माझा पाव काढला, लोणी लावलं,
आणि कोठीचं दार
उघडंच ठेवलं.
पहिल्याच दिवसाची माणसं होती बिचारी.
तीन दारांवर कुणीतरी खुर्ची जोरात सरकवली.