हरकत

लिफ्टमध्ये नोटीस लागली तेव्हा तिच्यावर
आधीच कुणीतरी दूधवाल्याचा नंबर लिहिला होता.
टेकडीच्या पायथ्याचा मोकळा तुकडा, तीन इमारती, बावीस मजले.
हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी कळवाव्यात.

लेखी, म्हणजे तीन प्रतींत.
मला काय सांगता?
एकोणतीस वर्षं महापालिकेत आवक-जावकच्या टेबलावर बसले मी.
लोक हरकती घेऊन यायचे,
कुणाची विहीर, कुणाची वाट,
कुणाच्या म्हशीचा गोठा,
आणि मी शिक्का मारायचे: मिळाले.
'वाचले' असा शिक्का
खात्याने कधी बनवलाच नाही.

पहिला मुद्दा पाण्याचा घातला.
आमचा टँकर आत्ताच कुठल्याही नातेवाइकापेक्षा
जास्त नेमाने येतो.

दुसरा ओढ्याचा.
नकाशात तो तुटक रेघेने दाखवलाय.
ओढा तुटक नाहीये, साहेब.
त्या रात्री पार्किंगमध्ये कमरेइतका आला
आणि वैशंपायनांची गाडी अलगद उचलून
जनरेटरच्या खोलीशी
त्यांनी आयुष्यात कधी लावली नसेल इतकी सरळ लावून गेला.

तिसऱ्या मुद्द्यात टिटवी शिरली.
उघड्या मुरुमात, फक्कीच्या रेघेपासून दोन हातांवर
चार अंडी, खड्यांसारखीच.
मोजणीवाले दोनदा शेजारून गेले, त्यांना दिसली नाहीत.
जवळ येईल त्याच्या डोक्यावर ती झेपावते,
कुत्रा असो, जेसीबी असो, मी असो,
सगळ्यांना एकच शिवी.
हा मुद्दा कायद्यात बसत नाही. मला माहीत आहे.
खोडला. रात्री उठून पुन्हा लिहिला.

सदनिका छप्पन्न, सह्या अकरा.
डेकाटे म्हणाले, उलट आपला भाव वाढेल.
लोखंडेबाईंनी पेन घेतलं,
टोपण काढलं, टोपण लावलं,
मग म्हणाल्या, आमच्या निखिलेशने तिथे बुकिंग केलंय हो,
अगदी तुमच्या गॅलरीसमोर,
हाक मारली तर ऐकू येईल.
हरकत नाही, म्हटलं मी.
सवयच ती.
बदलीला हरकत नाही, नणंद सहा वर्षं राहिली तिला हरकत नाही,
जेवणाच्या सुट्टीत आलेल्या माणसालाही
या, हरकत नाही.

चौथा मुद्दा: आमचा उजेड जाईल.
इथे हात थांबला.
हे वाक्य मी पाहिलं होतं, दुसऱ्या अक्षरात.
एक्क्याण्णव साल. ठकूबाई दुधाणे.
चौथी शिकलेल्या बाईची सही,
ओळ सोडून वर चढत गेलेली.
आमच्या पेरूंवर सावली पडेल, एवढंच लिहिलं होतं.
पिशवीतून दोन पेरूही काढून ठेवले होते टेबलावर,
लाच म्हणून नाही,
कशावर सावली पडेल ते कळावं म्हणून.
मी शिक्का मारला. वाकडा बसला,
म्हणून शेजारी दुसरा मारला.
पेरू आम्ही मीठ लावून खाल्ले.

त्या सावलीत, तिसऱ्या मजल्यावर,
चौऱ्याण्णवपासून मी राहते.
कर्मचाऱ्यांना सवलत होती.

सुनावणी बुधवारी झाली.
साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. काकू, थोडक्यात सांगा.
पाणी सांगितलं, ओढा सांगितला.
टिटवीपाशी ते हसले, चांगलं हसले, कुत्सित नव्हे.
उजेडाचं मी काहीच बोलले नाही.

मग पाचवा मुद्दा, जो टाइप केलेला नव्हता,
पेनाने खाली लिहिला होता:
याच जागेबाबत एक हरकत आधीची आहे,
अद्याप प्रलंबित.
माझ्या आधी ती घ्यावी.

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली.
आवक क्रमांक?

क्रमांक आठवत नाही, म्हटलं.
शिक्के दोन आहेत, त्यातला एक वाकडा.
त्यावरून सापडेल.