खडूची तारीख

वांगं किती जाड चिरायचं
हे आमच्याकडे आई ठरवत नसे.
वडील भुसावळच्या लोकोशेडात फिटर,
मापाची माणसं.
एप्रिलातल्या पहिल्या रविवारी
रात्रपाळी उतरून आले की अंगाला डिझेलचा वास तसाच घेऊन
विळीवर बसायचे,
पहिली चकती उजेडाकडे धरून बघायचे.
"जाड राह्यली त बुरशी, पातय झाली त कागद."
लीलाधर ती चकती डोळ्याला लावून
मला वाकुल्या दाखवायचा.

क्वार्टरमागे जागा होती ती दोन-अडीच खाटांची.
अंघोळीचं पाणी नाली काढून तिकडे वळवलेलं.
बामणोदच्या मामांनी दिलेल्या बियांची हिरवी वांगी,
कुंपणावर कारली,
आणि गवार, गवार, गवार.
गवारीला कुणी नाही म्हणेना, म्हणून तीच माजायची.

शिरा काढायच्या, मिठाच्या पाण्यात एक उकळी द्यायची,
एकच,
वडील घड्याळ हातात धरून उभे.
मग खाटेवर आईचं जुनं लुगडं, त्यावर शेंगा,
वरून मच्छरदाणी.
दुपारी बारा ते चार आमची राखण.
शेळ्या, चिमण्या, फिलोमिना आंटीचा बोका.
एका वहीत हजेरी असायची, ओव्हरटाइमही लागायचा:
चार तासांवर एक बर्फाचा गोळा, लाल.
अंगणातला नळ उघडला तर चहाचं पाणी यायचं
इतकं ऊन.

आई शिलाईमशीन थांबवून म्हणायची,
"एवढ्या मीठ-सरपणात बाजार आला असता घरी."
आणि फिलोमिना आंटीकडे पुडी बांधून
तीच न्यायची.

डबे डालड्याचे. झाकणाला मेणकापड.
वॅगनवर लिहितात तसं वडील खडूने लिहायचे:
माल गवार. भरली २ मे. उघडणे श्रावणात.
एखाद्यात बुरशी निघाली की फुली मारून
खाली एकच शब्द: सिक.
तो डबा आम्ही दोघं
शिट्टी वाजवत, शंटिंग करत उकिरड्यावर न्यायचो.

वाघूरला पूर आला की बाजारात नुसते बटाटे.
मग वांग्याच्या काचऱ्या रात्रभर भिजायच्या,
दाण्याचं कूट, काळा मसाला, कळण्याची भाकरी.
लीलाधर म्हणायचा, वहाणेची भाजी आहे.
तिसरी भाकरी मात्र त्यालाच लागायची.

वडील रिटायर झाले, आम्ही जळगावला आलो.
बाल्कनीत एक खाट मावली, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत.
ते दर तासाला ती सरकवत राहायचे.
एका वर्षी डब्यावर तारीख आली ३१ एप्रिल.
आम्ही हसलो.
लीलाधर म्हणाला, अण्णा, हा दिवस कोणत्या गाडीने आला?
तेही हसले. जरा उशिरा.
झाकणाकडे बघत राहिले,
मग बोटाने खडू पुसायला गेले
आणि काय लिहायचं ते न सुचून
हात तसाच मांडीवर ठेवला.
मी तेव्हा पंख्याचा वेग वाढवला,
एवढंच केलं.

परवा माळा आवरताना तो डबा निघाला.
अण्णांना जाऊन दोन वर्षं.
लीलाधर फडकं घेऊन धावला,
मी त्याचं मनगट धरलं.
झाकण बाजूला काढून ठेवलं, लिहिलेली बाजू वर.

गवार होती. काळपट, कडक, आवाज करणारी.
भिजवली. एक शेंग चावली.
मीठ.
त्यांनी दोनदा घातलं असणार.
पाणी बदललं, तासाभराने पुन्हा चावली.
पुन्हा बदललं.
ओट्यापाशी उभा राहून लीलाधर
मुलाच्या दप्तरातला खडू बोटांत फिरवत होता.
"ताई, लिहू का? सिक?"

मी चौथं पाणी घातलं.