गुरुवारची यादी

रेसिफेच्या या इस्पितळात ऑपरेशनची यादी मी लिहिते.
पांढरा फळा, निळा मार्कर,
आणि एक ओला बोळा, कारण नावं टिकत नाहीत.

आज एकच टेबल.
भूल देणारी दुसरी बाई डेंगीनं घरी.

जुसियारा, वय एकोणीस.
गॅस महागला तेव्हा तिच्या आईनं
डब्यात स्पिरिट पेटवून भात शिजवायला घेतला.
हनुवटी छातीला चिकटली.
अकरा महिने ती स्वतःच्या चपला बघते आहे.
तिला दोनदा मी पुसलं, याच हातानं.

दोना ओदालिया, वय एकसष्ट, पापण्या उचलायच्या.
पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न.
रोख देतात. त्या रोखीतून येतात
कातडी सोलायच्या यंत्राची पाती,
जी जुसियाराला लागणार.
त्यांना वाईट म्हणायची सोय नाही.
परवा म्हणाल्या, नवरा गेल्यापासून
आरशात मीच मेलेली दिसते.

"हिच्या पैशानं तिचं होईल," डॉक्टर आंसेल्मू म्हणाले.
चौदा वर्षं ऐकते आहे. खरं आहे.
खरं असूनही घशात राहतं,
माशाच्या काट्यासारखं.
"आणि देणगीदारांना फोटो हवेत,
आधीचा, नंतरचा. तिची सही आण."

कागद मी तिच्या गुडघ्यावर ठेवला, नजर पोचेल तिथं.
"सही नाही केली तर नाव पुसणार?"
छे, म्हणाले मी.
हातात तो ओला बोळा तसाच होता.

'नंतर'खाली तिनं सही केली.
'आधी'ची जागा कोरी.
"तो नको. आई बघेल."

एकट्या 'नंतर'ला कोण पैसे देतं?
बऱ्या झालेल्या गळ्यात काय बघायचं?
मी कागद पुन्हा वाचला.
नाव, वय, रक्तगट, पत्ता, पगार,
मान सोडून सगळं विचारलं होतं आम्ही.

डॉक्टरांनीही वाचला.
बराच वेळ मान वर केली नाही.
मग मार्कर माझ्यापुढे धरला:
"तूच लिही."
माझ्यावर उपकार केले, की ओझं टाकलं,
अजून कळलेलं नाही.

साडेसात, जुसियारा. जुनी पाती.

बाहेर दोना ओदालिया काळा चष्मा लावून बसलेल्या,
रात्रीपासून उपाशी, नियमाप्रमाणे.
त्यांना सांगायलाही
मलाच जायचं होतं.